नाशिकच्या कॉलेजच्या लॅबमध्ये आरएनेज इनहिबिटर आणताना

आरएनएचं काम ज्यांच्या लॅबमध्ये रोज चालतं त्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल. जिल्ह्याच्या गावातल्या कॉलेजात, जिथे आजवर डीएनएपुरतंच काम झालंय, तिथे कुणी पहिल्यांदा आरएनएला हात घालणार असेल तर त्यांच्यासाठी हे लिहितेय. आमचा प्रकल्प जून २०२४ मध्ये मंजूर झाला आणि हिशेबाचे कागद मार्च २०२५ मध्ये गेले. या काळातला मोठा भाग आरएनेज इनहिबिटर नावाच्या एका प्रथिनाच्या मागे गेला. हे माणसाचं प्रथिन बॅक्टेरियात तयार केलेलं असतं, ते आरएनएला वाचवतं, आणि त्याची अख्खी ट्यूब म्हणजे तळाशी एक थेंब. त्या थेंबाच्या आजूबाजूला किती कागद असतात हे आधी कळलं असतं तर मी जूनमध्ये थोडी कमी हवेत असते.

विषय द्राक्षाचा. नाशिकमध्ये दुसरा कुठला असणार! वेलीच्या पानांच्या कडा खाली वळतात, रंगीत जातींमध्ये शिरा हिरव्या राहून मधला भाग लालसर होतो, घड नीट पिकत नाहीत. याला लीफरोल म्हणतात आणि यामागचे विषाणू आरएनए विषाणू आहेत. पांढऱ्या जातींत, म्हणजे आपल्या थॉमसनसारख्या, पानांवरून फारसं काही कळत नाही. म्हणून तपासणी लॅबमध्येच करावी लागते. विषाणूत डीएनए नाही, त्यामुळे आधी आरएनए काढायचा, त्याचा सीडीएनए, म्हणजे त्याची डीएनएतली नक्कल, करायचा आणि मग पीसीआर, म्हणजे हवा तो तुकडा अनेक पटींनी वाढवायचा. आमच्याकडे पीसीआर मशीन होतं, तुकडे लांबीनुसार वेगळे करून बघायचं जेल होतं, बीएस्सीची मुलं दरवर्षी प्लास्मिड, म्हणजे बॅक्टेरियातला छोटा गोल डीएनए, काढतात तेही होतं. आरएनए मात्र कुणी काढलेला नव्हता.

अडचण अशी की आरएनए फार लवकर तुटतो. त्याच्या साखरेवर जो एक जादा हायड्रॉक्सिल गट असतो तोच त्याचा वैरी, आणि तो तोडणारी आरएनेज नावाची एन्झाइम्स सगळीकडे असतात. आपल्या कातडीवरसुद्धा. गायीच्या स्वादुपिंडातून मिळणारं आरएनेज ए हे तर नमुनेदार चिवट: १२४ अमिनो आम्लांची छोटीशी साखळी, चार डायसल्फाइड बंधांनी बांधलेली. उकळा, थंड करा, पुन्हा कामाला लागते. ऑटोक्लेव्हवर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून सीडीएनए करण्याच्या मिश्रणात आरएनेज इनहिबिटर घालतात. हे प्रथिन घोड्याच्या नालाच्या आकाराचं आहे आणि ते आरएनेजच्या एकेका रेणूला पकडून धरतं, एकास एक. पकड इतकी घट्ट की एकदा बसली की प्रयोगाच्या वेळात सुटत नाही.

प्रकल्पाची यादी करताना मी हे नाव तिसऱ्या-चौथ्या ओळीत लिहिलं. हेडसरांनी पहिला प्रश्न विचारला तो अगदी योग्य होता: ‘किटमध्ये नसतं का हे?’ बऱ्याच सीडीएनए किटमध्ये असतंच. काहींत एन्झाइममध्येच मिसळून येतं, काहींत वेगळी ट्यूब असते. आम्ही किट न घेता रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएवरून सीडीएनए बनवणारं एन्झाइम), बफर, डीएनटीपी (डीएनएचे सुटे घटक) सुटं घेत होतो, कारण ते बजेटमध्ये बसत होतं. म्हणून इनहिबिटर वेगळा मागवणं भाग होतं. तुम्ही किट घेणार असाल तर आधी त्यातल्या घटकांची यादी वाचा. एका दुसऱ्या कॉलेजातल्या मैत्रिणीकडे दोन्ही आले आणि सुटी ट्यूब मुदत संपेपर्यंत फ्रीजरमध्ये पडून राहिली.

जुलैत कोटेशन मागवायला सुरुवात केली. आमच्या संस्थेच्या नियमाप्रमाणे तीन कोटेशन लागतात, बंद पाकिटात, शिक्का-सहीसह. पुण्याचे दोन डीलर आणि मुंबईचा एक. किंमत सगळ्यांची जवळपास सारखी होती, अडीच हजार युनिटच्या पॅकला नऊ हजारांच्या आगेमागे. फरक होता तो बाकीच्या ओळींत. एकाने एचएसएन कोड, म्हणजे करासाठीचा मालाचा वर्ग क्रमांक, एन्झाइमचा टाकून १८ टक्के जीएसटी लावला, दुसऱ्याने लॅब रिएजंट म्हणून १२ टक्के. हे एन्झाइम नाही, एन्झाइमला अडवणारं प्रथिन आहे, हे मी अकाउंटच्या काकांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, ‘मॅडम, मला फक्त एकूण आकडा सांगा.’ त्यांचंही बरोबर होतं. तुलना तक्ता करसहित आणि वाहतूकसहित किंमतीवरच करा, नाहीतर खरेदी समितीत कोण सर्वांत स्वस्त यावरच वाद होतो. थंड वाहतुकीचे एकाने अठराशे रुपये लावले होते, दुसऱ्याने ‘एक्स्ट्रा ॲज ॲप्लिकेबल’ एवढंच लिहिलं होतं. असं लिहिलेलं कोटेशन परत पाठवा आणि आकडा लिहून मागा.

वाहतुकीचा खर्च ट्यूबमागे नसतो, खोक्यामागे असतो. म्हणून थंड लागणारं सगळं एकाच ऑर्डरमध्ये घालायचं. आम्ही इनहिबिटर, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज आणि टॅक हे पीसीआरचं एन्झाइम एकत्र केले. प्रायमर, म्हणजे पीसीआर कुठून सुरू व्हायची ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे, कोरडे येतात, त्यांना बर्फ लागत नाही, ते साध्या कुरिअरने वेगळे मागवले.

एका डीलरने माणसाऐवजी उंदराच्या प्रथिनाची आवृत्ती सुचवली. त्यावर थोडं वाचलं तेव्हा कारण कळलं. माणसाच्या प्रथिनात ३२ सिस्टीन, म्हणजे गंधक असलेली अमिनो आम्लं, आहेत आणि ती सगळी क्षपित, म्हणजे ऑक्सिडीकरण न झालेल्या, अवस्थेत राहावी लागतात. हवेने ऑक्सिडीकरण झालं की प्रथिन निकामी होतं आणि पकडलेलं आरएनेजही सोडून देतं. म्हणून त्याच्यासोबत ऑक्सिडीकरण रोखणारं डीटीटी हे रसायन लागतं. ऑक्सिडीकरणाला सगळ्यात आधी बळी पडणारी सिस्टीनची एक जोडी उंदराच्या प्रथिनात नाही, त्यामुळे ते कमी डीटीटीतही टिकतं. ज्यांच्या प्रयोगात डीटीटी चालत नाही त्यांनी ते घ्यावं. आमच्या रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजच्या बफरमध्ये डीटीटी असतंच, त्यामुळे जास्त पैसे देण्याचं कारण दिसलं नाही. माणसाचंच घेतलं.

आणि तिथेच फाइल अडली.

कोटेशनवर नाव होतं ‘रिकॉम्बिनंट ह्युमन प्लासेंटल आरएनेज इनहिबिटर’. कार्यालयातल्या भाऊसाहेबांनी मला बोलावून घेतलं. दार लोटून हळू आवाजात विचारलं, ‘मॅडम, हे वारेचं काही आणताय का कॉलेजात?’ मला आधी हसू आलं, पण ते गंभीर होते. मानवी ऊती असेल तर एथिक्स कमिटीची परवानगी लागते, जनुकीय बदल केलेलं काही असेल तर जैवसुरक्षा समिती लागते, आणि या एकाच ओळीत त्यांना दोन्ही दिसत होतं. फाइलवर ‘खुलासा करावा’ असा शेरा पडला.

खुलासा करताना मलाच या गोष्टीचा इतिहास पहिल्यांदा नीट कळला. हे प्रथिन १९७७ मध्ये खरंच माणसाच्या वारेतून शुद्ध करून वेगळं केलं गेलं. प्रसूतीनंतर टाकून दिल्या जाणाऱ्या वारेत ते भरपूर असतं, म्हणून नावात प्लासेंटा. १९८८ मध्ये त्याचा जनुकीय क्रम आणि अमिनो आम्लांची मांडणी समोर आली. आता तो जनुक ई. कोलाय बॅक्टेरियात घालून प्रथिन तयार करतात आणि शुद्ध करून विकतात. ट्यूबमध्ये ना माणसाची ऊती असते, ना जिवंत बॅक्टेरिया. ५० टक्के ग्लिसरॉल, बफर, मीठ, डीटीटी आणि प्रथिन. हे मी एका पानात मराठीत लिहून दिलं. पण माझ्या पानापेक्षा उपयोगी पडलं ते डीलरकडून कंपनीच्या लेटरहेडवर मागवलेलं पत्र. त्यात तीन वाक्यं होती: उत्पादन ई. कोलायमध्ये तयार केलेलं आहे, त्यात मानवी वा प्राणिज ऊती नाही, आणि ते फक्त प्रयोगशाळेतल्या संशोधनासाठी आहे, निदानासाठी वा उपचारासाठी नाही. शेवटचं वाक्य महत्त्वाचं ठरलं, कारण त्याआधी औषध परवाना लागतो का असाही एक फाटा फुटला होता.

हे पत्र कोटेशनबरोबरच मागून घ्या. आम्हाला ते मिळेपर्यंत ऑगस्ट संपत आला होता.

खरेदी समितीची बैठक गणपतीनंतर ठरली. ७ सप्टेंबरला गणपती बसले, विसर्जनानंतर प्राचार्य दौऱ्यावर, मग बैठक झाली आणि मंजुरी मिळाली. पर्चेस ऑर्डर (पीओ) टाइप होऊन सहीला गेली तेवढ्यात १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. आचारसंहितेचा आमच्या चिमूटभर खरेदीशी संबंध नव्हता, पण माणसांचा होता. अर्धा स्टाफ निवडणूक प्रशिक्षणाला, भाऊसाहेबही. मतदान २० नोव्हेंबरला होतं, मधे दिवाळी. या काळात मी कार्यालयात गेले की मलाच लाज वाटायची. सगळे कामात बुडालेले आणि मी विचारतेय, ‘माझ्या पीओवर सही झाली का?’

बागायतदारांची छाटणी मात्र कुणासाठी थांबत नाही. ऑक्टोबर छाटणीत पक्व काडी कापली जाते आणि पानं जातात. आमचे नमुने दिंडोरी आणि निफाड भागातल्या ओळखीच्या बागांतून यायचे होते. मनात आधी पानांचे देठ घ्यायचं होतं, पण आरएनएसाठी पानं ताजी हवीत किंवा उणे ८० अंशांत हवीत, आणि उणे ८०चा फ्रीजर आमच्याकडे नाही. इथे एक चांगली गोष्ट उपयोगी पडली. हा विषाणू वेलीच्या अन्नवाहिन्यांत राहतो, त्यामुळे पक्व काडीची वरची साल काढून आतला हिरवा थर खरवडला तरी त्यातून तो सापडतो. छाटलेल्या काड्या ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीत घालून ४ अंशांवर ठेवल्या की बऱ्याच टिकतात. एका बागायतदार दादांना फोन केला तर म्हणाले, ‘मॅडम, काड्या कुट्टी करायच्या आत या, माणसं सकाळी लावलीत.’ मी आणि माझी एमएस्सीची विद्यार्थिनी स्कूटीवर गेलो. प्रत्येक वेलीच्या काड्यांना ओळ आणि वेल क्रमांकाचा टॅग लावला, वेलीच्या खोडाला त्याच क्रमांकाची रिबन बांधली. रिबन महत्त्वाची, कारण नंतर पुन्हा त्याच वेलीकडे जायचं असतं.

ऑर्डर अडकलेल्या या काळात खोलीचं काम करून घेतलं आणि आता मागे वळून बघताना वाटतं, तेच सगळ्यात उपयोगी काम होतं. आमच्या लॅबमध्ये मुलं प्लास्मिड काढतात आणि त्याच्या बफरमध्ये आरएनेज ए मुद्दाम घातलेलं असतं, साधारण मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे एका मायक्रोलिटरमध्ये १०० नॅनोग्रॅम. आता इनहिबिटरचं गणित बघा. त्याचं एक युनिट म्हणजे ५ नॅनोग्रॅम आरएनेज ए ची क्रिया निम्म्यावर आणेल एवढी मात्रा. एका प्रयोगात आपण ४० युनिट घालतो, ती ढोबळमानाने १०० नॅनोग्रॅमला पुरतात. त्या बफरचा एक न दिसणारा शिंतोडा पिपेटच्या टोकावर राहिला तर अख्खा इनहिबिटर तिथेच खर्ची पडतो. ज्या बाकावर प्लास्मिड काढलं जातं त्या बाकावर आरएनए नको, हे मी त्या गणितानंतर ठरवलं. जुन्या हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या, खोलीत एक टेबल, वेगळा पिपेट सेट, नवी टिप्सची पाकिटं, आणि दारावर पाटी.

काचसामान आणि खलबत्ता १८० अंशांवर रात्रभर भाजले. पाणी डीईपीसीने, म्हणजे आरएनेज निकामी करणाऱ्या रसायनाने, प्रक्रिया करून ऑटोक्लेव्ह केलं. डीईपीसी ०.१ टक्का, फ्यूम हूडमध्येच, रात्रभर ठेवून मग ऑटोक्लेव्ह, म्हणजे त्याचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड होऊन जातं. ट्रिस हे रसायन असलेल्या बफरला ते चालत नाही, ट्रिससोबतच त्याची अभिक्रिया होते, त्यामुळे आधी पाणी तयार करायचं आणि त्यात ट्रिस घालायचा.

द्रव नायट्रोजनची चिंता होती. उणे १९६ अंशांची वस्तू नाशिकमध्ये किरकोळीत कोण देणार? उत्तर जनावरांच्या दवाखान्यात सापडलं. कृत्रिम रेतनाच्या कांड्या नायट्रोजनमध्येच ठेवतात, त्यामुळे गावोगावी त्याचा पुरवठा चालू असतो. खासगी रेतन करणाऱ्या एका भाऊंनी त्यांच्या पुरवठादाराचा नंबर दिला. कंटेनर मात्र आपला हवा, आणि तो घट्ट झाकणाचा नको, नाहीतर वाफेच्या दाबाने फुटतो. गाडीत नेताना काचा खाली.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ऑर्डर गेली. मी डीलरला दोन गोष्टी पीओमध्येच लिहून दिल्या: माल सोमवारी किंवा मंगळवारीच निघावा, आणि निघायच्या दिवशी फोन करावा. शनिवारी अर्धा दिवस आणि रविवारी कॉलेज बंद, त्यामुळे गुरुवारी निघालेलं खोकं वॉचमनच्या केबिनमध्ये दोन रात्री काढू शकतं. फोन आला नाही. एका शुक्रवारी दुपारी शिपाईमामा सांगत आले, ‘मॅडम, तुमचं थर्माकोलचं खोकं आलंय, आवकला ठेवलंय.’ आवकचा नंबर पडल्याशिवाय खोकं हलवायचं नाही असा दंडक. मी नंबर पडेपर्यंत तिथेच उभी राहिले. उघडलं तर जेल पॅक मऊ आणि कोमट, सोबत कुठलीही तापमान पट्टी नाही.

डीलरचं म्हणणं होतं की ग्लिसरॉलमधलं प्रथिन एवढ्याने बिघडत नाही, वापरून बघा. बिघडलंही नसेल. पण ज्या ट्यूबवर भरवसा नाही तिच्यावर मी द्राक्षाचे नमुने लावणार नव्हते, कारण उद्या काही चुकलं तर दोष कुणाचा हे कधीच कळलं नसतं. चलनाच्या तिन्ही प्रतींवर ‘पॅक वितळलेले, तापमान योग्य नाही’ असं लिहून सही केली, फोटो काढले, त्याच दिवशी ईमेल केला. पैसे अजून दिले नव्हते, हे आमच्या बाजूचं. आगाऊ पैसे मागणाऱ्याला म्हणूनच नाही म्हणावं. थोड्या घासाघिशीनंतर दुसरा माल ड्राय आइसवर पाठवायचं ठरलं.

दरम्यान प्राचार्यांकडून एक ओळीची परवानगी घेतली: शीत माल आधी फ्रीजरमध्ये जाईल, आवक नंबर नंतर पडेल. या एका ओळीसाठी मी कुणालाही अर्ज लिहून द्यायला तयार आहे.

जानेवारी २०२५ मध्ये दुसरं खोकं आलं. मुंबईहून कसारा घाट चढून मंगळवारी सकाळी. आत ड्राय आइसचे गोळे शिल्लक होते, धूर निघत होता, आणि खोकं बघायला अर्धं कार्यालय गोळा झालं. ड्राय आइस उणे ७८ अंशांचा असतो, त्याला उघडा हात लावू नका आणि बंद खोलीत ठेवू नका. अकाउंटचे काका ट्यूब बघून म्हणाले, ‘एवढंसं? हे तर रिकामं दिसतंय.’ दिसणारच. ४० युनिट प्रति मायक्रोलिटर या हिशेबाने अडीच हजार युनिट म्हणजे साडेबासष्ट मायक्रोलिटर. त्यातलंही थोडं झाकणाला चिकटलेलं असतं. उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये काही सेकंद फिरवून सगळं तळाला आणा.

उणे २० अंशांत ठेवल्यावर दुसऱ्या दिवशी विद्यार्थिनी घाबरून आली, ‘मॅडम, ते गोठलंच नाहीये, फ्रीजर बंद पडला का?’ गोठत नाही. निम्मं ग्लिसरॉल असल्याने या तापमानाला ते पातळच राहतं. ड्राय आइसमध्ये घट्ट झालेलं असतं आणि फ्रीजरमध्ये पुन्हा वाहू लागतं, हे दोन्ही ठीक. फ्रीजर मात्र फ्रॉस्ट-फ्री नको, कारण बर्फ साचू नये म्हणून तो मधूनमधून स्वतःला गरम करतो. आमच्या विभागात तसाच होता, म्हणून ट्यूब शेजारच्या विभागातल्या जुन्या, बर्फ साचणाऱ्या डीप फ्रीजरमध्ये कूल ब्लॉकमध्ये ठेवली. वीज गेली तरी ब्लॉक काही तास धरून ठेवतो.

द्राक्षाच्या नमुन्यांना हात लावण्याआधी एक साधी चाचणी केली, ती कुणीही करावी. आधी काढून ठेवलेल्या पालकाच्या भाजीच्या आरएनएचे सारखे भाग केले. एकात नुसतं आमचं पाणी, एकात अगदी थोडं आरएनेज ए, आणि एकात आधी इनहिबिटर व मग तेवढंच आरएनेज ए. तिन्हींत डीटीटी. तासभर ३७ अंशांवर, मग जेल. पहिल्यात २५एस आणि १८एस या अखंड आरएनएच्या दोन पट्ट्या स्वच्छ, म्हणजे पाणी आणि टेबल बरं होतं. दुसऱ्यात खाली नुसता धुरळा. तिसऱ्यात पट्ट्या पुन्हा जागेवर. इनहिबिटर काम करत होता. आरएनेजचं काम मात्र प्लास्मिडच्या बाकावरच केलं, हर्बेरियमच्या खोलीत नाही.

आता एक गोष्ट, जी कोटेशन देणारा कुणी सांगत नाही. हा इनहिबिटर आरएनेज ए च्या कुळालाच पकडतो. टी१, टी२, एच वगैरे दुसऱ्या कुळांतली आरएनेज त्याच्या आवाक्याबाहेर. आणि वनस्पतींची स्वतःची आरएनेज बहुतांशी टी२ कुळातली असतात. म्हणजे नऊ हजारांची ही ट्यूब द्राक्षापासून आरएनएचं रक्षण करत नाही, ती रक्षण करते आपल्यापासून, आपल्या बोटांपासून आणि प्लास्मिडच्या बाकापासून. द्राक्षाच्या आरएनेजचा बंदोबस्त आधीच, आरएनए काढतानाच करावा लागतो. हे कळल्यावर माझा सगळा जोर तिकडे वळला.

द्राक्षाच्या काडीत पॉलिफेनॉल आणि चिकट शर्करा इतक्या असतात की साधी पद्धत लावली तर नळीत तपकिरी गाळ येतो. आम्ही सीटीएबी (साबणासारखं एक रसायन), पीव्हीपी आणि मर्कॅप्टोइथेनॉलची पद्धत घेतली. मर्कॅप्टोइथेनॉल आरएनेजचे डायसल्फाइड बंध तोडतं, पीव्हीपी पॉलिफेनॉलला धरतं. नायट्रोजनमध्ये कुटून पूड तशीच गोठलेली ६५ अंशांच्या बफरमध्ये घालायची. मधे पूड वितळली की गेलं. मग क्लोरोफॉर्म, आणि रात्रभर लिथियम क्लोराइडने आरएनए खाली बसवायचा. मर्कॅप्टोइथेनॉलचा वास हूडच्या बाहेर आला तर शेजारचे विभाग तक्रार करतात, त्यामुळे आम्ही हे काम तास संपल्यावर संध्याकाळी करायचो. पहिल्या काही काड्यांत उतारा कमी आला. सालीचा तपकिरी भाग पूर्ण काढून फक्त हिरवा थर घेतला तेव्हा सुधारला.

सीडीएनए करताना क्रम असा ठेवला: आरएनए आणि प्रायमर ६५ अंशांवर पाच मिनिटं, लगेच बर्फात, आणि मग बफर, डीएनटीपी, इनहिबिटर, शेवटी रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज. इनहिबिटर त्या गरम पायरीच्या आधी घालू नका. तेवढ्या तापमानाला तो उलगडायला लागतो आणि पकडलेलं सगळं मोकळं होतं. २० मायक्रोलिटरच्या मिश्रणात एक मायक्रोलिटर आम्ही घातला. पुढे अर्ध्या मायक्रोलिटरवर तेच निकाल मिळाले, तेव्हा ट्यूब दुप्पट पुरायला लागली. ट्यूब बर्फावर ठेवायची, हलवताना बोटांनी टिचकी मारायची, व्हॉर्टेक्स नाही.

फेब्रुवारीत पहिली पीसीआर लावली. प्रत्येक नमुन्याला दोन प्रायमर जोड्या, एक विषाणूची आणि एक वेलीच्या स्वतःच्या जनुकाची. दुसरी लावल्याशिवाय काही खरं नाही, कारण पट्टी आली नाही तर विषाणू नाही की आरएनएच तुटला, हे कळत नाही. वेलीची पट्टी सगळ्या चांगल्या नमुन्यांत आली. विषाणूची काहींत अपेक्षित जागी आली. त्या पट्ट्या कापून सिक्वेन्सिंगला पाठवल्या आहेत, अहवाल येईपर्यंत बागायतदारांना मी काही सांगितलेलं नाही. दादांनी मात्र विचारलंच, ‘मग फवारणी कोणती करू?’ विषाणूवर फवारणी नाही. पिठ्या ढेकूण ही कीड हा रोग वेलीवेलींतून पसरवते, तिच्यावर लक्ष ठेवा आणि पुढची लागवड करताना काडी कुठल्या वेलीची आहे ते बघा, एवढंच सांगितलं. त्यांना ते फार पटलं असं दिसलं नाही.

मार्चमध्ये युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे पैसे कुठे खर्च झाले याचा दाखला. मूळ बिल, चलन, पीओची प्रत, तुलना तक्ता, समितीचा ठराव, ते ई. कोलायचं पत्र, सगळं एका फाइलमध्ये. पहिल्या वितळलेल्या खोक्याचं चलन आणि ईमेलही जोडा, नाहीतर एकाच पीओवर दोन चलनं का, हा प्रश्न येतो. आम्हाला आलाच होता. मग स्टॉक रजिस्टर. कन्झ्युमेबलच्या पानावर परिमाणाचा रकाना असतो आणि रोजचा वापर वजा करत शिल्लक लिहावी लागते. भाऊसाहेबांनी ‘नग १’ लिहिलं होतं. मग पहिल्याच प्रयोगानंतर शिल्लक किती, शून्य की एक? बरीच चर्चा होऊन परिमाण ‘मायक्रोलिटर’ असं ठरलं, आणि आता आमच्या रजिस्टरमध्ये फिनाइलच्या लिटरांखाली साडेबासष्टमधून अर्धा-अर्धा वजा होत जाणारं एक पान आहे. लेखापरीक्षकांनी ते पाहिलं, पेन्सिलीने बाजूला बरोबरची खूण केली आणि पुढच्या पानावर गेले.